कागदावर गाव, जमिनीवर शहर

विकसनशील देशांतील शहरांच्या वाढीविषयी चर्चा सुरू झाली की काही ठरावीक चित्रे डोळ्यांसमोर येतात. मुंबईची खच्चून भरलेली लोकल, दिल्लीची धुरकटलेली सकाळ, ढाका किंवा लागोसच्या रस्त्यांवर तासन्‌तास अडकलेली वाहने. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ मधील अंदाजानुसार २०५० पर्यंत भारताच्या शहरी लोकसंख्येत सुमारे ४१ कोटी ६० लाखांची भर पडणार आहे. जगातील एकूण शहरी वाढीपैकी ३५ टक्के वाढ भारत, चीन आणि नायजेरिया या तीनच देशांत होईल, असेही तो अंदाज सांगतो. हे आकडे वाचल्यावर कोणाच्याही मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की आधीच दाटीवाटीने भरलेल्या महानगरांत आणखी इतकी माणसे मावणार कुठे?

माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या जागेकडे बोट दाखवून विचारला जातो. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आली. कोलकाता शहराची लोकसंख्याही त्याच काळात किंचित घटली. म्हणजे देशातील दोन मोठ्या महानगरांच्या गाभ्यातून माणसे कमी होत होती. याच दशकात देशाची शहरी लोकसंख्या मात्र २८ कोटी ६१ लाखांवरून ३७ कोटी ७१ लाखांवर पोहोचली. स्वातंत्र्यानंतर प्रथमच, एका दशकात शहरांत वाढलेल्या माणसांची संख्या खेड्यांत वाढलेल्या माणसांपेक्षा अधिक भरली.

ही वाढ कुठे झाली, याच्या उत्तराचा एक भाग उपनगरांत आणि मध्यम शहरांत आहे. दुसरा भाग अशा ठिकाणी आहे, की ज्यांना कायदा आजही गाव म्हणतो.

दोन व्याख्यांमधली दरी

भारतात शहर दोन प्रकारे ठरते. ज्या वस्तीला राज्य सरकारने अधिसूचना काढून महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायत दिली, ते वैधानिक शहर. दुसरा प्रकार जनगणना आयुक्तालयाचा. ज्या वस्तीची लोकसंख्या किमान ५ हजार आहे, जिथे दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे राहतात आणि जिथले मुख्यतः काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात आहेत, तिला जनगणना शहरी मानते. राज्य सरकारने तिला नगरपालिका दिलेली नसली तरी जनगणनेच्या दफ्तरात ती ‘जनगणना शहर’ म्हणून नोंदली जाते. कारभार मात्र बहुतेक ठिकाणी ग्रामपंचायतीकडेच राहतो.

२००१ मध्ये अशी १,३६२ जनगणना शहरे होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. दहा वर्षांत २,५३२ ची भर. त्याच दहा वर्षांत वैधानिक शहरे ३,७९९ वरून ४,०४१ वर गेली, म्हणजे वाढ अवघी २४२. देशात एक नवी नगरपालिका किंवा नगरपंचायत स्थापन होत होती, तेव्हा दहा गावे शहराची लक्षणे धारण करत होती आणि त्यांचा कारभार जुन्याच चौकटीत चालू होता. संशोधक कान्हूचरण प्रधान यांनी २०१३ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त केलेल्या मांडणीनुसार त्या दशकातील शहरी वाढीपैकी सुमारे ३० टक्के वाढ या नव्या जनगणना शहरांमुळे दिसते. जागतिक बँकेने २०१५ च्या दक्षिण आशियाविषयीच्या अहवालात या प्रकारच्या शहरीकरणाला विस्कळीत आणि दडलेले असे म्हटले, ते यासाठीच.

या व्याख्येतही उणिवा आहेत. ती फक्त पुरुषांचे काम मोजते. घरातले पुरुष कारखान्यात किंवा बांधकामावर आणि बायका अजूनही शेतात, अशी स्थिती देशात असंख्य ठिकाणी आहे. तिथले अर्धे वास्तव मोजणीतून सुटते. शिवाय यादी आधीच्या जनगणनेच्या आकड्यांवरून तयार होते. २०११ च्या यादीसाठी २००१ ची माहिती वापरली गेली होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तारीख देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ आहे. म्हणजे कोणते गाव शहर झाले हे ठरवताना हाती असलेली शेवटची मोजणी सोळा वर्षांपूर्वीची असेल. तेवढ्या काळात एक पिढी शाळेत जाऊन कामाला लागते.

ग्रामपंचायतीच्या दारातले शहर

आकड्यांपलीकडे याचा अर्थ काय, हे पाहायचे तर अशा वस्तीत जावे लागते. पश्चिम बंगालमध्ये २००१ साली २५२ जनगणना शहरे होती, ती २०११ मध्ये ७८० झाली, देशात सर्वाधिक. हावडा जिल्ह्यात कोलकात्याकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा अशा वस्त्यांची रांगच लागते. ओतकामाचे छोटे कारखाने, जरीकामाच्या खोल्या, शिवणयंत्रांचा आवाज, मोबाइल दुरुस्तीची दुकाने, खासगी शिकवण्यांच्या पाट्या. भाताचे शेत शोधावे लागते. गल्ल्या मात्र शेताच्या बांधाइतक्याच रुंद, कारण त्या बांधांवरूनच तयार झाल्या आहेत.

अशा वस्त्यांच्या ग्रामपंचायत कार्यालयांत मी अनेकदा बसलो आहे, बंगालमध्ये आणि इतरत्रही. चित्र साधारण सारखेच असते. एक सचिव, एक-दोन कारकून, भिंतीवर ग्रामीण योजनांचे तक्ते. वस्ती वीस-पंचवीस हजारांची, पण नगररचनाकार नाही, आरोग्य निरीक्षक नाही. इमारती तीन-तीन मजली झाल्या, तरी सांडपाण्याचा उतार कोणत्या दिशेला असावा हे ठरवणारा अभियंता नाही. घरोघरी शौचालय आले, ही मोठी गोष्ट घडली. परंतु मैल्याची टाकी भरल्यावर खासगी टँकर येतो आणि ती घाण जवळच्या नाल्यात किंवा पडीक जमिनीत रिकामी करून जातो. त्याच जमिनीखालचे पाणी शेजारच्या बोअरवेलमधून प्यायले जाते. आग लागली तर बंब जवळच्या नगरपालिकेतून येणार आणि गल्लीच्या तोंडाशी थांबणार. हे दोष कोणा एका सरपंचाचे नाहीत. ज्या संस्थेची रचनाच पाचशे घरांच्या शेतकरी वस्तीसाठी झाली, तिच्याकडून पाच हजार घरांच्या शहराचा कारभार अपेक्षिला जातो आहे.

कायद्यालाही ही विसंगती जाणवलेली आहे. घनकचरा व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम जनगणना शहरांनाही लागू करण्यात आले आणि तिथल्या ग्रामपंचायतींवर नगरपालिकांसारखी जबाबदारी टाकली गेली. कचरा वेगळा गोळा करा, त्यावर प्रक्रिया करा, असे नियम सांगतात. ते करण्यासाठी लागणारी माणसे, जागा आणि पैसा मात्र नियमांबरोबर आला नाही.

गाव राहण्यातच सर्वांची सोय

मग राज्य सरकारे या वस्त्यांना नगरपंचायत का देत नाहीत? राज्यघटनेत वाट नाही असे मुळीच नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीतील २४३ क्यू या अनुच्छेदात, ग्रामीण स्वरूपाकडून शहरी स्वरूपाकडे संक्रमण करणाऱ्या क्षेत्रासाठी नगरपंचायतीची तरतूद आहे. लोकसंख्या, घनता, स्थानिक महसूल, शेतीबाहेरचा रोजगार, आर्थिक महत्त्व हे निकषही तिथे दिलेले आहेत. परंतु प्रत्यक्ष निर्णय राज्यपालांच्या नावाने राज्य सरकार घेते आणि त्याला कोणतीही मुदत नाही. मे २०१६ मध्ये केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २८ राज्यांना पत्र पाठवून ३,७८४ जनगणना शहरांना वैधानिक दर्जा देण्यास सुचवले. राज्यांची चाल त्यानंतरही संथच राहिली.

याचे कारण असे, की गाव राहण्यात जवळपास प्रत्येकाचा काही ना काही फायदा आहे. ग्रामीण रोजगाराची हमी, ग्रामीण घरकुल, ग्रामीण रस्ते, नळजोडणीची ग्रामीण योजना या सर्वांची दारे ‘शहर’ हा शिक्का बसला की बंद होतात. वित्त आयोगाच्या अनुदानाकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी आणि शहरी संस्थांना १,२१,०५५ कोटी रुपये सुचवले. दरडोई हिशेब केला तर शहरांचा वाटा कमी नाही. पण त्यातील सुमारे ३८ हजार कोटी दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरसमूहांसाठी राखलेले होते. वीस हजारांच्या नव्या नगरपंचायतीच्या पदरी काय पडेल, याची खात्री कोणी देत नाही. काय हातचे जाईल, हे मात्र सर्वांना माहीत असते.

तमिळनाडूचे उदाहरण बोलके आहे. हे देशातील सर्वाधिक शहरीकरण झालेल्या मोठ्या राज्यांपैकी एक. तेथील सरकारने २००४ मध्ये पाचशेहून अधिक नगरपंचायतींना ‘विशेष ग्रामपंचायत’ म्हणून घोषित केले. हेतू केंद्राचा ग्रामीण निधी मिळवण्याचा होता. २००६ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला. लेखणीच्या एका फटक्याने लाखो माणसे शहरातून गावात आणि पुन्हा गावातून शहरात आली. त्यांच्या दारातला रस्ता मात्र तोच राहिला.

रहिवाशांचा विरोधही समजून घेण्याजोगा आहे. शहर होणे म्हणजे आधी मालमत्ता कर वाढणे आणि सुविधा कधीतरी येणे, हा त्यांचा अनुभव आहे. पुण्याच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. कराच्या आकारणीवरून नाराजी वाढत गेली आणि अखेर ती महापालिकेबाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा मार्ग राज्य सरकारला स्वीकारावा लागला. शहराचा कर देऊन गावची सेवा मिळणार असेल, तर कोणताही शहाणा माणूस गावच पसंत करेल.

राजकीय हिशेब याहून सरळ आहे. गावाची नगरपंचायत झाली की सरपंचपद जाते, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे मतदारसंघ बदलतात. बांधकामावर नियम येतात. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकणाऱ्यांना नियोजन आराखड्याची घाई असण्याचे कारण नाही. अशा रीतीने निर्णय पुढे ढकलणे हीच सर्वांना परवडणारी भूमिका ठरते.

उशिराची किंमत

ही किंमत पुढची पिढी मोजते, म्हणून आज ती दिसत नाही. शहराच्या बांधणीत क्रमाला महत्त्व असते. आधी रस्त्यांची, नाल्यांची आणि शाळा-दवाखान्यांची जागा राखून ठेवली, तर घरे नंतर कितीही वाढली तरी त्यांना सेवा पुरवता येते. आधी घरे झाली, तर त्याच नळासाठी आणि गटारासाठी खोदकाम, भूसंपादन, न्यायालयीन दावे आणि विस्थापन असा फेरा सुरू होतो.

गुरुग्रामने हा उलटा क्रम अनुभवला. हरियाणाच्या १९७५ च्या कायद्याने खासगी विकासकांना वसाहती उभारण्याची मुभा मिळाली. पुढील तीन दशकांत काचेच्या इमारतींचे अख्खे शहर उभे राहिले. महापालिका स्थापन झाली ती २००८ मध्ये. वसाहतीच्या भिंतीच्या आत सर्व काही नेटके आणि भिंतीबाहेर सांडपाण्याची जबाबदारी कोणाची हेच अनिश्चित, अशी स्थिती तोपर्यंत रुजलेली होती. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या रस्त्यांच्या बातम्यांचे मूळ त्यात आहे.

बेंगळुरूचा अनुभवही फार निराळा नाही. २००७ मध्ये सभोवतालच्या नगरपालिकांबरोबर ११० गावे तेथील महापालिकेत आली. त्या गावांसाठी आखलेल्या कावेरी पाणीयोजनेच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत माहिती तंत्रज्ञानाचे सर्वांत मोठे कार्यालयीन पट्टे याच गावांच्या परिसरात वाढले आणि रहिवाशांनी बोअरवेल व टँकरवर दिवस काढले. इतक्या श्रीमंत शहराची ही कथा असेल, तर कोणत्याही महानगराच्या सावलीत नसलेल्या जनगणना शहराची काय असेल? आणि अशी शहरे थोडी नाहीत. एरिक डेनिस, पार्थ मुखोपाध्याय आणि मेरी-एलेन झेरा या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे, की भारतातील अनेक लहान शहरे महानगरांच्या ओढीने नव्हे, तर स्वतःच्या बाजारपेठेच्या आणि व्यवसायांच्या बळावर वाढत आहेत. त्यांच्यासाठी कोणतीही महापालिका उशिरासुद्धा धावून येणार नाही.

शिक्का की सामर्थ्य?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. नगरपंचायतीचा फलक लावल्याने कारभार सुधारतो, याचा पुरावा काय? देशातील कितीतरी नगरपालिका कंगाल आहेत आणि कर्मचाऱ्यांचे पगारही त्यांना वेळेवर देता येत नाहीत.

या आक्षेपाचे उत्तर केरळमध्ये मिळते. तेथील शहरी लोकसंख्येचे प्रमाण २००१ मधील २६ टक्क्यांवरून २०११ मध्ये ४७.७ टक्क्यांवर गेले. ही झेप जवळपास पूर्णपणे जनगणना शहरांमुळे होती; त्यांची संख्या ९९ वरून ४६१ झाली. तरीही ग्रामपंचायतीच्या हाती असलेले केरळचे जनगणना शहर बंगाल किंवा झारखंडमधल्या तशाच वस्तीपेक्षा चांगले चालते. कारण १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेपासून राज्याने नियोजन निधीचा मोठा हिस्सा, अधिकार आणि कर्मचारी पंचायतींकडे सोपवले. तेथील पंचायती आकारानेही मोठ्या आहेत. म्हणजे नावापेक्षा हातातल्या साधनांना महत्त्व आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

नोएडाचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. २०११ मध्ये ६ लाख ३७ हजार लोकसंख्या असलेले हे ठिकाण जनगणनेच्या दफ्तरात जनगणना शहरच होते. घटनेतील औद्योगिक वसाहतीच्या अपवादाचा आधार घेऊन तिथला कारभार विकास प्राधिकरण चालवते. रस्ते रुंद आहेत, पैसा आहे, तज्ज्ञ आहेत. मात्र निवडून आलेली नगरपालिका नाही. आपल्या गल्लीतल्या गटाराबद्दल जाब विचारायला नगरसेवकच नाही. सामर्थ्य आहे आणि उत्तरदायित्व नाही, हेही शहर नव्हे. म्हणून मी शिक्का आणि सामर्थ्य यांपैकी एकाची निवड करू इच्छित नाही. दोन्ही लागतात, आणि ती एका ठरलेल्या क्रमाने यावी लागतात.

संक्रमणाला मुदत हवी

हा क्रम कसा असावा? पहिली गोष्ट, निर्णय टाळण्याची मोकळीक संपली पाहिजे. जनगणनेने एखाद्या वस्तीला शहरी ठरवल्यावर राज्य सरकारने ठरावीक मुदतीत, समजा दोन वर्षांत, तिला नगरपंचायत द्यावी किंवा का देत नाही याची कारणे विधिमंडळापुढे ठेवावीत. बिहारने २०२० मध्ये कायदा बदलून शेतीबाह्य रोजगाराची अट ७५ वरून ५० टक्क्यांवर आणली आणि शंभराहून अधिक नव्या नगरपंचायतींना वाट करून दिली. कमी शहरीकरण झालेले राज्य इतके करू शकते, तर इतरांना अडचण काय?

दुसरी गोष्ट, शिक्का बदलला म्हणून गरीब कुटुंबाचा हक्क बुडता कामा नये. भूमिहीन मजुराची गरज अधिसूचनेच्या तारखेला संपत नाही. ग्रामीण योजनांचे लाभ नव्या नगरपंचायतीतील पात्र कुटुंबांना किमान पाच वर्षे चालू राहिले पाहिजेत आणि मालमत्ता कराची वाढ टप्प्याटप्प्याने, सेवा सुरू होतील तशी, व्हायला हवी. ही हमी लेखी मिळाली, तर विरोधाची धार बरीच कमी होईल.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे जागेची आखणी. नगरपंचायत होण्याची वाट न पाहता, मोठे रस्ते, नाले, मैला-प्रक्रिया केंद्र आणि शाळांच्या जागा ग्रामपंचायत असतानाच नकाशावर निश्चित करता येतात. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजनांचा मेळ घालण्यासाठी घटनेने अनुच्छेद २४३ झेडडी अन्वये जिल्हा नियोजन समिती दिलेली आहे. तिने आपल्या जिल्ह्यातील जनगणना शहरांची यादी समोर ठेवून हे काम केले, तर वेगळ्या यंत्रणेची गरज नाही. अग्निशमन, मैला व्यवस्थापन, नगररचनाकार या सेवा पाच-सहा शेजारच्या वस्त्यांना मिळून देता येतील. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘रर्बन’ मोहिमेत ३०० गावसमूहांची कल्पना याच दिशेची होती. त्या समूहांना बांधकामे मिळाली, कायमस्वरूपी कारभारयंत्रणा मिळाली नाही.

यातील कोणतीही गोष्ट खर्चाच्या अंगाने अशक्य नाही. नकाशावर बारा मीटरचा रस्ता आखायला आज फारसे काही लागत नाही. वीस वर्षांनी तोच रस्ता काढण्यासाठी दोन्ही बाजूंची घरे पाडावी लागतील, आणि ती घरे बहुधा अशाच कुटुंबांची असतील, ज्यांनी आयुष्यभराची कमाई त्यांत घातलेली असेल. २०२७ च्या जनगणनेनंतर नवी यादी येईल आणि ती २०११ पेक्षा कितीतरी लांब असेल, यात मला शंका नाही. ती आल्यावर वृत्तपत्रांत एक दिवस शहरीकरणाच्या टक्केवारीचे मथळे झळकतील. त्या यादीत ज्यांच्या वस्तीचे नाव असेल, त्यांनी आपल्या ग्रामसभेत एवढेच विचारावे: आमच्या रस्त्यांचा आणि नाल्यांचा नकाशा कोण तयार करणार आहे, आणि कधीपर्यंत?